शब्द लागले पाहिजेत : कमी बजेटमध्ये घरचा स्टिरिओ निवडताना

(बदलापुरात दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)

शेवटच्या रांगेत आवाज पोहोचतोय ना? येतोय म्हणता, पण मी काय बोलतोय ते कळतंय का? हसू नका. या दोन प्रश्नांत जो फरक आहे, तोच आजचा विषय आहे.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं. मी अंबरनाथला एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेन्टेनन्सला होतो. संध्याकाळी घरी रेडिओ, टेपरेकॉर्डर, ॲम्पली दुरुस्त करायचो. म्हणजे या विषयात मला थोडंफार कळतं असं लोक समजायचे, आणि मीही समजायचो. तरी घरात जी मोठी चूक झाली ती माझ्याच हातून झाली. तिथूनच सुरुवात करतो.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. वडिलांना नाट्यसंगीत आणि भावगीतं ऐकायचं वेड. त्यांच्याकडे एक जुना ट्रान्झिस्टर होता, तो कानाशी घेऊन बसायचे. दिवाळीचा बोनस हातात आला तेव्हा म्हटलं, बाबांना चांगलं काहीतरी घेऊ. उल्हासनगरला गेलो. दुकानदाराने पाच छोटे स्पीकर आणि एक मोठा सबवूफर असलेला होम थिएटर लावून दाखवला. म्हणाला, "साहब, पूरी बिल्डिंग हिल जाएगी." त्यात तो काही खोटं बोलला नाही. शोकेसच्या काचा वाजायला लागल्या आणि दुसऱ्याच दिवशी खालच्या मजल्यावरचे काका वर आले.

वडील आठवडाभर कौतुकाने ऐकत बसले. मग हळूच पुन्हा ट्रान्झिस्टरकडे वळले. मी विचारलं, "बाबा, हे का लावत नाही?" म्हणाले, "अरे, आवाज भरपूर येतो, पण शब्द लागत नाहीत."

आम्ही घरातल्या सगळ्यांनी काय ठरवलं असेल? बाबांचं वय झालं, कान गेले. कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. वयानुसार थोडं कमी ऐकू येतं असं निघालं. झालं, आमच्या मताला शिक्काच मिळाला. पण त्याच माणसाला छोट्या ट्रान्झिस्टरवर प्रत्येक शब्द कळत होता, हे रोज डोळ्यांसमोर असून मला सहा महिने सुचलं नाही. माझ्या खरेदीचा दोष मी त्यांच्या कानांवर टाकला होता. ही गोष्ट मला अजून लागते, म्हणून हा विषय मी जिथे बोलावतील तिथे बोलतो.

आज एकच गोष्ट लक्षात ठेवून घरी जा. बजेट लहान असेल तर स्पीकरची संख्या आणि वॅट विकत घेऊ नका. दोन नीट स्पीकर घ्या आणि ते नीट जागी ठेवा. आणि परीक्षा ही की हळू आवाजात शब्द लागतात का.

शब्द हरवतात कुठे?

आपल्या बोलण्यात स्वर आणि व्यंजनं असतात. आ, ई, ओ हे स्वर खालच्या आणि मधल्या कंपनांत असतात, त्यांत ताकद भरपूर. स, श, त, ट, क ही व्यंजनं बारीक असतात, त्यांची ओळख साधारण दोन हजार हर्ट्झच्या वर ठरते. 'स'चा सळसळाट तर चार हजारांच्याही वर जातो. 'सात' की 'चाट' की 'खाट', हे ठरवणारा भाग अगदी थोड्या ताकदीचा असतो. वय वाढतं तसं नेमकं वरच्या कंपनांचं ऐकणं कमी होतं. त्यात आपल्या कानाची एक सवय अशी की खालचा मोठा आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकून टाकतो. बाजूला ट्रक सुरू असेल तर माणूस ओरडलेला ऐकू येतो, पण काय म्हणाला ते कळत नाही. तसंच.

आमच्या घरी तेच झालं होतं. सबवूफर दिवाणाखाली कोपऱ्यात, म्हणजे तो जागेपेक्षा दुप्पट घुमत होता. पाच छोटे स्पीकर जिथे खिळे होते तिथे टांगलेले, दोन छताजवळ, एक सोफ्याच्या मागे. ट्रान्झिस्टरमध्ये खालचा आवाज नव्हताच, त्यामुळे झाकायला काही नव्हतं. शब्द मोकळे येत होते.

पुढे एक ओळखीचे गृहस्थ घर बदलत होते, त्यांच्याकडून जुने दोन बुकशेल्फ स्पीकर स्वस्तात घेतले. बुकशेल्फ म्हणजे लाकडी डबा, त्यात खाली पाच-सहा इंचांचा वूफर आणि वर बारीक आवाजासाठी ट्वीटर. दोन स्टुलांवर ठेवले, बाबांच्या आरामखुर्चीसमोर. तेच गाणं लावलं. दोन मिनिटांनी म्हणाले, "हां. आता काय म्हणतोय ते कळतंय." त्यानंतर ट्रान्झिस्टर फक्त बातम्यांपुरता उरला.

दोनच स्पीकर का?

स्टिरिओची कल्पना जुनी आहे. ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज इंजिनिअरने १९३१ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. गंमत अशी की दोन स्पीकर नीट ठेवले तर गाणारा माणूस त्या दोघांच्या मध्ये, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथे बसल्यासारखा वाटतो. तबला थोडा एका बाजूला, हार्मोनियम दुसऱ्या बाजूला. आपण ऐकतो त्यातलं बहुतेक संगीत एक तर दोन चॅनेलचं असतं, नाहीतर जुनं मोनो. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण प्रसारित झालं तेव्हा घराघरांत एका स्पीकरच्या रेडिओवरच ऐकलं गेलं, आणि लोकांना शब्दन् शब्द पाठ झाला. तेव्हा पाच स्पीकर नसल्यामुळे काही अडत नाही.

आता साधा हिशोब करा. समजा तुमच्याकडे १२ हजार रुपये आहेत. त्यात पाच छोटे स्पीकर, एक सबवूफर, ॲम्प्लिफायर, डिस्प्ले, रिमोट आणि दिवे लागणारा डबा बसवायचा तर प्रत्येक वस्तूच्या वाट्याला किती पैसे येणार? तेच १२ हजार दोन स्पीकरवर खर्च केले तर प्रत्येकात बरा वूफर, खरा ट्वीटर आणि जाड लाकडाचा डबा बसतो. तूप तेवढंच आहे, पोळ्या किती लाटायच्या ते आपण ठरवायचं.

आपला हॉल हासुद्धा स्पीकरचाच भाग

इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांचा हॉल दहा बाय चौदा फुटांच्या आसपास असेल. उंची साडेनऊ. भिंती सिमेंटच्या, खाली टाइल्स, वर स्लॅब. अशा खोलीची स्वतःची एक 'पट्टी' असते. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ज्या आवाजाची अर्धी लाट बरोबर मावते, तो आवाज खोली स्वतःच वाढवते. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर धरा. दहा फूट रुंदीला हा आकडा येतो ५७ हर्ट्झ. साडेनऊ फूट उंचीला ६० हर्ट्झ. चौदा फूट लांबीला ४० हर्ट्झ. बघा, रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्यामुळे ५७ आणि ६० एकमेकांच्या खांद्यावर बसले. म्हणजे आपल्या या ठरावीक मापाच्या हॉलमध्ये त्या भागात घुमारा येणार हे बिल्डरने आधीच ठरवून दिलंय.

आता संगीताच्या बाजूने बघू. पुरुष गायकाची पट्टी काळी एक असेल तर त्याचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झला येतो. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झला. बाई काळी चारमध्ये गात असतील तर षड्ज २०८ आणि खर्ज १०४. म्हणजे गायन, तानपुरा, हार्मोनियम, बासरी, सतार यांच्यासाठी ६५-७० हर्ट्झपर्यंत स्वच्छ जाणारा स्पीकर पुरतो. पाच ते साडेसहा इंची वूफरचा बरा डबा तिथपर्यंत पोहोचतो. त्याच्या खाली ४०-५० हर्ट्झला जे असतं ते सिनेमातले स्फोट, डीजेचे ठोके, आणि आपल्या हॉलचा घुमारा. सबवूफरचे पैसे देऊन आपण नेमका तो घुमारा विकत घेतो.

लहान जागेसाठी लहान स्पीकर हा काही गरिबाचा उपाय नाही बरं का. बीबीसीने १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांमध्ये वापरायला एलएस ३/५ए नावाचा स्पीकर तयार केला. बुटांच्या खोक्यापेक्षा थोडा मोठा डबा, पाच इंची वूफर, एक ट्वीटर. अरुंद गाडीत बसलेल्या इंजिनिअरला माणसाचं बोलणं जसंच्या तसं ऐकू यावं एवढंच काम. त्याची आजची किंमत आपल्या बजेटबाहेर आहे, पण विचार आपल्या कामाचा आहे. आपला हॉल त्या गाडीपेक्षा मोठाच आहे.

वॅटचं गौडबंगाल

आपल्याकडे गमतीने 'यूएसए'चा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा सांगतात. मी उल्हासनगरला नावं ठेवत नाही. फाळणीनंतर कॅम्पात येऊन ज्या लोकांनी शून्यातून बाजार उभा केला, त्यांच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे. पण खोक्यावरच्या छापील अक्षरांकडे बघताना तो विनोद आठवत ठेवा, मग दुकान उल्हासनगरचं असो की मुंबईचं, नाहीतर मोबाइलमधलं.

खोक्यावर '५००० वॅट पीएमपीओ' लिहिलेलं असतं. पीएमपीओ मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही. कंपनीला वाटेल तो आकडा. आपण बघायचा आरएमएस वॅटचा आकडा, आणि तोही किती ओहमवर आणि किती विकृतीला मोजलाय ते. दहा टक्के विकृतीला मोजलेले ३० वॅट म्हणजे आवाज फाटल्यावर मोजलेले वॅट.

पण मुळात लागतात किती? स्पीकरच्या कागदावर 'सेन्सिटिव्हिटी' म्हणून आकडा असतो, समजा ८६ डेसिबल. अर्थ असा की एक वॅट दिला तर एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज मिळतो. तुम्ही आठ फुटांवर बसलात, दोन स्पीकर आहेत, तर एकेक वॅटमध्ये ८०-८१ डेसिबल मिळतात. हा चांगला मोठा आवाज झाला. घरात आपण ऐकतो ७० च्या आसपास, त्याला वॅटचा दहावा भाग पुरतो. तबल्याची कडक थाप किंवा तार सप्तकातली जागा अचानक वीस डेसिबलने वर जाते असं धरलं, तरी दहा वॅट झाले. म्हणजे खरे २०-३० वॅट असलेला ॲम्प्लिफायर हॉलसाठी भरपूर. आणि वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबल वाढतो, आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला वॅट दहापट लागतात. म्हणून ३० ऐवजी ५० वॅटसाठी जास्त पैसे देऊ नका. ते पैसे स्पीकरवर घाला.

घ्यायचं काय?

भाव रोज बदलतात, म्हणून रुपये सांगत नाही, वाट्या सांगतो. चार रस्ते आहेत.

पहिला, पॉवर्ड बुकशेल्फ जोडी. ॲम्प्लिफायर स्पीकरच्या डब्यातच असतो. एक वायर मोबाइलची किंवा टीव्हीची, एक वायर भिंतीची, झालं. ज्यांना स्क्रूड्रायव्हर हातात धरायचा नाही त्यांच्यासाठी हा सरळ मार्ग. तोटा एवढाच की आतलं सर्किट गेलं तर स्पीकरही पडून राहतो. म्हणून गॅरंटी आणि दुरुस्तीची सोय कुठे आहे ते आधी विचारा.

दुसरा, साधे स्पीकर आणि वेगळा छोटा ॲम्प्लिफायर. माझा स्वतःचा कल इकडे. एक वस्तू बिघडली तर एकच बदलायची. पूर्वी आपल्याकडे ४४४० नंबरच्या आयसीवर गल्लोगल्ली ॲम्पली बनायचे, मीही डझनाने बनवले असतील. आता क्लास डी प्रकारचे, तळहाताएवढे ॲम्प्लिफायर मिळतात, तापत नाहीत, वीज कमी खातात. पैशांची वाटणी अशी करा : शंभरातले ६० स्पीकरला, २५ ॲम्प्लिफायरला, १५ स्टँड आणि वायरला. त्या १५ ला हात लावू नका, ते वाचवले तर ६० वाया जातात.

तिसरा, जुना माल. ८०-९० च्या दशकातले भारतीय बनावटीचे चांगले स्पीकर अजून फिरतात. सोनोडाइनसारखं कोलकात्याचं नाव जुन्या लोकांना आठवत असेल. घर बदलणारे, परगावी जाणारे लोक असे स्पीकर काढून टाकतात. तपासायचं कसं ते पुढे सांगतो.

चौथा, जुळवणी. लॅमिंग्टन रोडला, म्हणजे दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलात की, वूफर, ट्वीटर, क्रॉसओव्हर सगळं सुटं मिळतं. उल्हासनगरच्या फर्निचरवाल्याकडून डबाही करून घेता येतो. पण एक सांगतो, कुठलाही वूफर कुठल्याही डब्यात चालत नाही. डब्याचं आतलं माप वूफरच्या आकड्यांवरून काढावं लागतं, आणि क्रॉसओव्हर त्या जोडीसाठीच करावा लागतो. छंद म्हणून करा, शिकाल खूप. पैसे वाचवण्यासाठी मात्र करू नका. पहिला डबा कधीच चांगला वाजत नाही, माझा तर तिसराही वाजला नव्हता.

दुकानात ऐकायचं कसं?

फ्लॉइड टूल नावाचे शास्त्रज्ञ कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये होते. पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना नुसतं ऐकायला लावायचे. तेव्हा बहुतेकांची पसंती एकाच जातीच्या स्पीकरकडे जायची : जो काही वाढवत नाही, काही खात नाही, सगळे सूर सारख्या मापाने देतो. पुढे १९९४ मध्ये त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी दाखवलं की तेच ऐकणारे आणि तेच स्पीकर असले तरी डोळ्यांना स्पीकर दिसायला लागला की गुण बदलतात. मोठा, देखणा डबा बघून माणूस जास्त मार्क देतो.

म्हणून दुकानात डोळे मिटा आणि पुढच्या चार गोष्टी करा.

एक, गाणं तुमचं लावा. दुकानदाराचं गाणं त्याच्या स्पीकरसाठी निवडलेलं असतं. तुम्हाला शब्द पाठ आहेत असं एक गाणं, आणि एखाद्या बातमीदाराचं किंवा कीर्तनकाराचं बोलणं. ओळखीच्या माणसाचा आवाज नाकातून किंवा माठातून आल्यासारखा वाटला की तो स्पीकर सोडा.

दोन, आवाज बारीक करा. दोघांनी गप्पा माराव्यात एवढाच. मोठ्या आवाजात सगळे स्पीकर भारी वाटतात. दोन स्पीकरची तुलना करताना तर आवाज सारखा ठेवाच, कारण जो जरा मोठा वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो.

तीन, बेस आणि ट्रेबल मधोमध आणा. दुकानात ते वर चढवून ठेवलेले असतात.

चार, डग्ग्याकडे लक्ष द्या. डग्ग्यावर घीस मारली की सूर वर सरकताना ऐकू यायला हवा. नुसतं 'ढुम्' येत असेल तर तो बेस नव्हे, डब्याचा कंप आहे. डब्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारून बघा, पोकळ पत्र्यासारखा वाजला की समजा.

आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या. परत घेण्याची मुदत किती, ते बिलावर लिहून घ्या. दुकानात आणि घरात आवाज वेगळा वाटतो, कारण खोली वेगळी.

घरी आणल्यावर

आता फुकटची गोष्ट. यातला बराच फायदा पैसे न देता मिळतो.

तुम्ही बसता ती जागा आणि दोन स्पीकर यांचा समभुज त्रिकोण करा. दोन स्पीकरमध्ये सहा फूट, तर तुमचं अंतरही सहा-सात फूट. ट्वीटर कानाच्या उंचीला. सोफ्यावर बसलात तर कान जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर येतो, गादीवर बैठक असेल तर त्याहून खाली. शोकेसच्या वरच्या फळीवर ठेवलेला स्पीकर डोक्यावरून बोलतो. अंबरनाथ एमआयडीसीच्या परिसरात फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी स्टँड करून घ्या, वर कडप्प्याचा तुकडा, त्याखाली आणि वर जुन्या चपलेच्या रबराच्या चकत्या. याच्यापेक्षा भारी स्टँडची गरज नाही.

स्पीकर कोपऱ्यात कोंबू नका. मागच्या भिंतीपासून निदान फूटभर पुढे. तेवढी जागा नसेल तर मागे भोक असलेला डबा घेऊ नका, पुढे भोक असलेला किंवा बंद डबा घ्या. हा मुद्दा खरेदीच्या आधीच बघायचा. हॉलमध्ये टाळी वाजवा. 'टर्रर्र' असा पडसाद आला तर खोली उघडी आहे. जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांचं कपाट, एखादी गोधडी टांगलेली, यांनी तो कमी होतो. लोखंडी कपाटावरची पितळेची भांडी वाजत असतील तर ती उतरवा.

वायरला महाग काही लागत नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर चार मीटरपर्यंत उत्तम. जाऊन-येऊन रोध ओहमच्या दहाव्या भागाएवढा येतो, आठ ओहमच्या स्पीकरला तो जाणवत नाही. फक्त तांबंच आहे ना बघा. ॲल्युमिनियमला तांब्याचा मुलामा दिलेली वायरही विकतात. टोक सोलून पात्याने खरवडलं की पांढरं दिसतं.

शेवटी लाल-काळं. दोन्ही स्पीकरला लाल टोक लालला, काळं काळ्याला. एका बाजूचं उलटं झालं तर बेस गायब होतो आणि गाणारा माणूस मधून नाहीसा होतो. तपासायला एखादं जुनं मोनो गाणं लावा. आवाज बरोबर मधून, एका ठिकाणाहून आला पाहिजे. खोलीभर पसरल्यासारखा वाटला तर एका स्पीकरच्या वायरी उलट करून बघा. आमच्या त्या होम थिएटरमधली एक वायर सहा महिने उलटी होती. लावणारा मीच होतो.

निवडक प्रश्नोत्तरं

*प्रश्न : जुना स्पीकर घेताना नेमकं काय बघायचं?*

तीन गोष्टी. वूफरच्या कोनाभोवतीची कड फोमची असेल तर बोटाने हलकेच दाबा. आपल्या दमट हवेत फोम दहा-पंधरा वर्षांत भुसा होतो. रबराची कड जास्त टिकते. मग दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सरळ आत ढकला, खरखर लागली तर आतली कॉइल घासतेय, नको. तिसरं, मल्टिमीटर लावा. आठ ओहमचा स्पीकर साधारण सहा-सात ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर आतली वायर तुटली आहे. लाल-काळं पुसलं गेलं असेल तर पेन्सिल सेल क्षणभर लावा. ज्या जोडणीत कोन बाहेर येतो, त्यात सेलचा प्लस ज्याला लागला तो लाल.

*प्रश्न : आम्ही तळमजल्यावर राहतो. पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?*

२६ जुलै २००५ ज्यांनी बदलापुरात काढला त्यांना मी काय सांगणार. ॲम्प्लिफायर आणि एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवू नका. हल्लीचे डबे बहुतेक एमडीएफचे असतात, पाणी लागलं की फुगतात आणि परत जाग्यावर येत नाहीत. ओल येणाऱ्या भिंतीला स्पीकर टेकवू नका. आठवड्यातून एकदा तरी वाजवा, झाकून विसरू नका. वीज सारखी जात-येत असेल तर प्लग काढून ठेवा. अडॅप्टर घेताना बीआयएसचं नोंदणी चिन्ह बघा.

*प्रश्न : साउंडबार चालेल का? टीव्ही आणि गाणी दोन्हीसाठी.*

मुख्य काम टीव्हीचं असेल आणि जागाच नसेल तर चालेल. टीव्हीच्या स्वतःच्या आवाजापेक्षा तो नक्की बरा. पण तीन फुटांच्या दांड्यात डावं-उजवं किती दूर जाणार? गाणी हा मुख्य हेतू असेल तर जोडीच घ्या आणि ती टीव्हीच्या दोन बाजूंना ठेवा, दोन्ही कामं होतात. टीव्हीला आवाजाची कुठली जागा आहे, ऑप्टिकल की हेडफोनची, ते आधी बघून जा.

*प्रश्न : ब्लूटूथने आवाज खराब होतो म्हणतात.*

थोडा फरक पडतो, पण या बजेटमध्ये खोली आणि जागा यांचा फरक त्याच्या कितीतरी पट मोठा आहे. टीव्हीला मात्र शक्यतो वायर लावा, ब्लूटूथमध्ये आवाज मागे पडतो आणि ओठ आधी हलतात.

*प्रश्न : रात्री हळू लावलं की बेस नाहीसा होतो. मग सबवूफर लागणारच ना?*

हा दोष कानाचा आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं : आवाज कमी केला की आपल्याला खालचे सूर जास्त प्रमाणात कमी ऐकू येतात. रात्री हळू ऐकताना बेस दोन घरं चढवा, सकाळी परत आणा. एवढंच पुरे. आणि रात्री दहा ते सकाळी सहा हा कायद्याने शांततेचा काळ आहे, निवासी भागात मर्यादा ४५ डेसिबलची. सबवूफरचा आवाज स्लॅबमधून खाली जातो. खालच्या मजल्यावर कोणाचे तरी वडील झोपलेले असतात.

*प्रश्न : माझ्या आईला ऐकू कमी येतं. तिच्यासाठी घ्यायचं आहे. किती पैसे ठेवू?*

पैशाचं शेवटी बघू. आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा, ते टाळू नका. नंतर घरात आज जे काही आहे, रेडिओ असो की टीव्ही, त्याचा बेस कमी करा, तो त्यांच्या समोर, कानाच्या उंचीला, पाच-सहा फुटांवर आणा. आठवडाभर ऐकू द्या. त्याने किती फरक पडला ते त्यांनाच विचारा. मग त्यांना बरोबर घेऊनच दुकानात जा. दुकानात निर्णय तुम्ही घेऊ नका, मी घेतला होता. त्यांच्या आवडीचं गाणं लावा आणि एकच प्रश्न विचारा, शब्द लागतायत का. त्या 'हो' म्हणतील तो स्पीकर घ्या, मग त्याच्या खोक्यावर काहीही छापलेलं असो.